रात्रपाळीचा पिंगळा

"सेक्रेटरीबाई, मुंगूस आज उशिरा आलं. हाफ डे लावू का?"

आमच्या सोसायटीतले शिंत्रेकाका जिन्यात भेटले की असलंच काहीतरी विचारतात. पिंपरीच्या एका कारखान्यात ते कामगारांच्या पाळ्या लावायचे. निवृत्त झाले, सवय गेली नाही. आता कर्वेनगरातले प्राणी त्यांच्या हाताखाली आहेत. बुलबुल, खार, मुंगूस दिवसपाळीला. वटवाघळं आणि कडुनिंबाच्या ढोलीतला पिंगळा, म्हणजे आमचं वीतभर घुबड, रात्रपाळीला. आणि मांजर?

"कंत्राटी. येण्याजाण्याचं विचारायची सोय नाही."

अशी हजेरी घेणारा माणूस दुसऱ्या कुठल्या सोसायटीत असेल तर दाखवा.

संध्याकाळी पिंगळा ढोलीबाहेर येऊन मान फिरवेपर्यंत काका गेटजवळच्या बाकावरून हलत नाहीत. "पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नसतं," हा त्यांचा नियम.

मध्यंतरी पार्किंगमध्ये मोठा दिवा लावायचं ठरलं. त्याचा झोत नेमका कडुनिंबावर पडणार होता. सभेत काका उभे राहिले.

"रात्रपाळीवाल्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून त्याला कामावर पाठवणार? निघून जाईल तो!"

"जाऊ दे की. घुबड अशुभ असतं," पहिल्या मजल्यावरचे देवधर म्हणाले.

"देवधर, आपली गाडी रोज सकाळी रिव्हर्स घेताना भजन म्हणते. नेमकी त्याची झोप लागते तेव्हा. तो आपल्याला काही म्हणाला का?"

सभा हसली, पण हसण्यानं दिवा हलत नाही. मी ठराव मताला टाकणार, तेवढ्यात काका माझ्या कानाशी वाकले.

"आमची ही नर्स होती. कायम रात्रपाळी. मी कामावरून यायचो तेव्हा ती निघालेली असायची. त्या झाडाखाली घराची किल्ली माझ्या हातात द्यायची. पिंगळा बाहेर आला की म्हणायची, 'चला, माझ्या पाळीचा आला.' तिच्या पाळीतला आता तेवढाच उरलाय हो."

मी जाहीर केलं, "दिवा गेटच्या दिशेनं वळेल. पुढचा विषय, पाण्याची टाकी."

"मत नाही घ्यायचं?" देवधरांनी विचारलं.

"नाही." सेक्रेटरीला तेवढा अधिकार असतो. नसला तर घ्यावा.

हल्ली ऑफिसातून येताना मी गेटपाशी स्कूटर थांबवते. "काका, आला का?"

"हजर!" काका असं सांगतात, जणू त्याला बढती मिळाली आहे. मग खिशातली किल्ली काढतात आणि घरी जातात.