हेमलताबाईसाहेबांनी एक वर्षाचा खंड घेतला त्याची हकीकत

॥ श्री ॥ गणरायास आधी नमन, मग सरस्वतीस, आणि मग ज्या कोणत्या देवीकडे घरातून निघू पाहणाऱ्या बायकांचे खाते असेल तिजला विशेष नमन करून लिहिले जाते ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र मासी, एका राज्यात मोठी खळबळ जाहली. राज्य तिसऱ्या मजल्यावरचे, तीन दालनांचे, वर सामाईक गच्ची. गादीवर श्रीमंत मोरेश्वरराव. यांनी सरकारदरबारी चौतीस वर्षे लोकांचे रजेचे अर्ज तपासिले आणि दोन सालांमागे आपण कायमचे रजेवर आले. आतल्या दालनी त्यांच्या मातोश्री द्वारकाबाईसाहेब, वय चौऱ्यांशी, दृष्टी मंद परंतु कान ऐसे की शेजारच्या राज्यात कुकरच्या किती शिट्ट्या जाहल्या तेही सांगत. आणि राणी हेमलताबाईसाहेब, वय बावन्न, शाळेत सातवीस भूगोल शिकवीत.

खळबळीचे मूळ आधीच्या माघात. बाईसाहेब दर साली ऑस्ट्रेलिया मुलूख फळ्यावर काढीत. त्या साली पंचविसावे वेळेस काढीत असता मन घरी हरभरे भिजत घातले की नाही या विचारात होते, आणि हात आपला आपण किनारा काढीत गेला, आणि पुरा जाहला तेव्हा मागे सरून पाहिले तो एक आखातही चुकले नव्हते. मग त्यांस घाम फुटला, की हा मुलूख आपणांस झोपेत काढता येतो आणि जागेपणी एकदा पाहिला नाही. त्या दिवसापासून पायांस स्वास्थ्य नाही ऐसे जाहले. भाजी चिरता उठावे, खिडकीशी जावे, परत येऊन सुरी शोधावी. पोळी तव्यावर आणि बाईसाहेब जिन्यात. निजावे तो कूस ठरेना. मग गुप्त मसलत सुरू केली. कन्या मनवा बेंगळुरास चाकरीस होती, तिजशी फोनवरून खलबते चालली, आणि बेत ठरला तो ऐसा: एक वर्षाची रजा घ्यावी, एकटीने जावे, पाठीवर पिशवी, स्वस्त वसतिगृही मुक्काम, पूर्व किनाऱ्याने वर चढावे, मग मरे नदीच्या काठाकाठाने उतरावे, मग वाळवंट ओलांडून पश्चिमेचा समुद्र गाठावा. मनवा बोलिली, "आई, एका खोलीत आठ जणी, वरखाली पलंग. तुला बाबांचं एकट्याचं घोरणं सहन होत नाही." बाईसाहेब उत्तर करित्या जाहल्या, "सत्तावीस वर्षं एकच घोरणं ऐकतेय गं. आठ तऱ्हांचं ऐकू दे." मग पन्नास लिटरांची पिशवी आणविली, ती शाळेच्या सहलीची म्हणोन राज्यात सांगितले, आणि रोज सायंकाळी तीत अकरा किलो गहू भरून गच्चीवर चाळीस फेऱ्या घालू लागल्या. श्रीमंतांनी एकदा जिन्यात पाहिले आणि पुसिले, "हेमा, दळण गिरणीत नेतात. गच्चीवर कशाला?" बाईसाहेब बोलिल्या, "ऊन दाखवते." सूर्य तेव्हा मावळला होता.

रजेचा अर्ज शनिवारी दुपारपावेतो मुख्याध्यापकांकडे पोचावा, मागाहून घेतला जाणार नाही, ऐसा शाळेचा हुकूम. म्हणोन सोमवारी सकाळी बाईसाहेब कच्चा मसुदा लिहू बसल्या आणि विषय लिहिला: एक वर्ष खंड पाहणेबाबत. इतक्यात दूध वर आले, त्या उठोन धावल्या, आणि हातची चष्म्याची डबी कागदावर ठेविली ती नेमकी 'पाहणेबाबत' यावर बसली. तो श्रीमंत चहाचा कप घेऊन आले आणि वाचते जाहले: एक वर्ष खंड. मग काय विचारावे! "खंड? सेवेत खंड? अगं, एका दिवसाच्या खंडापायी माणसं माझ्या टेबलासमोर रडलीत, आणि तू वर्षाचा मागतेस? आपण होऊन?" आतून मातोश्रींचा आवाज आला, "मोरू, कशात रे खंड?" "हिला एक वर्षाचा खंड हवाय!" मातोश्रींच्या ध्यानी एकच आले, ते घरच्या गौरी. भिंत धरीत बाहेर आल्या आणि गरजल्या, "त्रेसष्ट वर्षं या घरात गौरी बसतायत. करोनात बसल्या. तुझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा बसल्या. आणि आता ही खंड पाडणार?" "आई, गौरींचं काय घेऊन बसलीस? पेन्शनचं काय होईल?" "गौरींना कसलं रे पेन्शन?" ऐसे दोघे दोन खंडांवरून भांडत असता बाईसाहेब दुधाचे फडके हाती घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या, आणि मग शांतपणे बोलिल्या, "अहो, खंड म्हणजे खंड. ऑस्ट्रेलिया. बघायला जायचंय मला. एकटीला. वर्षभर."

श्रीमंत बोलिले, "तो देश आहे ना?" "देशही आहे आणि खंडही आहे. सातवीला आहे." मग श्रीमंतांनी तोड सुचविली, की हवे तर दोघे यात्रा कंपनीबरोबर जाऊ, अकरा दिवस, गाडीत पुढची जागा, सायंकाळी पिठलं-भाकरी. बाईसाहेब बोलिल्या, "ते मला दाखवतील. मला पाहायचंय." हे ऐकता श्रीमंतांची मर्जी खट्टू जाहली. मंगळवारी सायंकाळी पाणी पिता पिता बोलिले, "मनवाला माहीत होतं. मला नव्हतं." "तुम्ही नाही म्हणाला असतात." "म्हणालो असतो," श्रीमंत बोलिले, "पण विचारलेलं तरी असतं."

बुधवारी दुपारी बाईसाहेब मातोश्रींचे केस विंचरीत होत्या. मातोश्रींनी पुसिले, "वर्ष म्हणजे पुरतं वर्ष?" "हो, आई." "माझ्याकडे आता मोजकी आहेत हो." बाईसाहेबांचा फणीचा हात थांबला. "म्हणूनच तर पाय निघत नाही," त्या बोलिल्या. "खोटं बोलू नकोस. पाय तुझे माघातच निघाले. तेव्हापासून तू या घरात एका जागी उभी राहिलेली मी ऐकली नाही. पाठीमागे राहिलंय ते बाकीचं अंग, ते घरभर आपटत फिरतं आणि मला झोप नाही." "आणि तुम्हाला काही झालं तर?" "तर फोन येईल. रड तिथेच, समुद्राच्या कडेला बसून. अर्ध्यातून परत आलीस तर बघ. जन्मभर म्हणशील, आईंमुळे वाळवंट राहिलं." "मी असं कधी म्हणेन का?" "म्हणणार नाहीस. तोंड करून बसशील, ते जास्त वाईट." मग बाईसाहेबांनी गौरींचे पुसिले. मातोश्री बोलिल्या, "मोरू बसवील. निऱ्या कुणी घातल्या हे देवी विचारत नाही. वेणी घट्ट घाल."

शुक्रवारी शाळेतून येऊन पाहतात तो मेजावर मसुदा, आणि त्यावर लाल शाई. चौतीस वर्षांची लेखणी ती, तिजला राहवले नाही. विषयातील 'खंड पाहणेबाबत' हे शब्द खोडून वर लिहिले होते: भूगोल विषयाच्या अभ्यासदौऱ्याकरिता रजा मिळणेबाबत. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारिले होते, रजेचा नियम क्रमांकासह घातला होता, आणि कडेच्या समासात बारीक अक्षरी शेरा: हरकत नाही. मात्र प्रकरण संबंधितांस विलंबाने कळविले, याची नोंद घ्यावी. बाईसाहेबांनी तो शेरा तीन वेळां वाचिला, आणि मग अर्ज शुद्ध कागदावर उतरून काढिला, आणि शेऱ्याचा कागद पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेविला.

शनिवारी दहा वाजता अर्ज घेऊन निघावे तो बाहेरच्या दालनी श्रीमंत जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, तोंडात चार टाचण्या, आणि तांदळाच्या उभ्या पिंपास बाईसाहेबांची जांभळी साडी नेसवीत होते. मातोश्री खुर्चीवरून हाताने चाचपून पाहत आणि म्हणत, "ही निरी आहे का घडी घातलेला रुमाल? सोड. परत." पदर उलट्या खांद्यावर गेला होता. निऱ्या एक आखूड, एक लांब, आणि काठ मागे वळलेला. बाईसाहेबांचे हात शिवशिवले. काम दोन मिनिटांचे होते. पर्स खाली ठेविली आणि दोन पावले पुढे जाहल्या. श्रीमंतांनी टाचण्या तोंडातून काढिल्या आणि बोलिले, "हात लावायचा नाही. मला चुकायला अजून चार महिने आहेत. तुला बारा वाजेपर्यंतचाच वेळ आहे." बाईसाहेब तैशाच उभ्या राहिल्या, वाकड्या निऱ्या डोळे भरून पाहिल्या, आणि मग पर्स उचलून जिना उतरत्या जाहल्या.

सारांश, अर्ज साडेअकरास दाखल जाहला. त्या साली त्या राज्यात तह ठरला, त्याची कलमे दोन: बाईसाहेब जातील, गौरी बसतील. पिंप सायंकाळपावेतो साडी नेसून उभे होते, आणि तांदूळ काढावयाचे म्हणोन कोणी ती सोडिली नाही. राज्याने त्या रात्री पोळ्याच खाल्ल्या. येथे लेखणी पुसून ठेविली.