एकतीस तोंडं आणि दोन हात

त्या महोत्सवातून आमच्या भाऊजींच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी मांडून घेते. म्हणजे पुढे वजाबाकीला सोपं जातं. शाळेतली कायम नोकरी, हे पहिलं. भाऊजी नऊ वर्षं तिथे हंगामी संगीतशिक्षक होते. इतका लांब हंगाम जगातल्या कुठल्याही फळाला मिळालेला नाही! दुसरं म्हणजे संगीताची खोली. ती निम्मीअधिक खेळाच्या सरांनी बळकावली होती. पियानोच्या डोक्यावर उड्या मारायच्या गाद्या रचलेल्या असत आणि मुलांनी वरचा सूर लावला की त्यातून धूळ पडे. आणि तिसरं, घरात थोरल्या भावासमोर एक तरी वाक्य पूर्ण करायची मुभा. थोरला भाऊ म्हणजे आमचे हे. ते कुणालाच वाक्य पूर्ण करू देत नाहीत, पण तो वेगळा विषय झाला.

मुख्याध्यापिकाबाईंनी सरळच सांगितलं होतं, "आंतरराष्ट्रीय बालवृंदगान महोत्सवात पहिल्या तिनात या. नोकरी तुमची, खोली तुमची. नाही आलात, तर गाद्यांना जागा कमीच पडतेय."

"पहिल्या तिनात?" भाऊजी घरी येऊन छाती फुगवून म्हणाले. "वहिनी, अहो पहिलेच येणार! मी मुलं काय तयार केलीत ठाऊक आहे? छप्पर डोक्यावर पडलं तरी माझ्या हातांवरची नजर हलणार नाही!"

"हात काय, चौकातला पोलीसही हलवतो," पेपराआडून हे म्हणाले.

"दादा, वृंदाचा संचालक म्हणजे..."

"जेवायला बसा."

पण भाऊजी खोटं बोलत नव्हते. आठ महिने त्यांनी एकतीस मुलांना एकच मंत्र दिला होता: मी बोलतो ते ऐकू नका, माझे हात बोलतात ते ऐका. हात वर गेले की गाणं सुरू. हात पसरले की आवाज मोठा, बोटं जुळली की बारीक. आणि मूठ मिटली की बंद! मूठ मिटेपर्यंत कुणी थांबायचं नाही, भूकंप झाला तरी. सरावात ते मुद्दाम शेजारी डबे आपटायचे, शिंका काढायचे, एकदा तर त्यांनी वर्गात मांजर सोडलं. मांजर एका मुलाच्या खांद्यावर चढलं, पण सूर ढळला नाही.

मुलांबरोबर एक बाईमाणूस हवं असा नियम होता, म्हणून मी गेले. मी एका कारखान्याच्या भांडारात नोकरीला आहे. आलं किती, गेलं किती, उरलं किती, हे मला झोपेतही सांगता येतं. तेव्हा मुलं मोजायचं काम माझ्याकडे. दर तासाला एकतीस डोकी मोजायची आणि वहीत लिहायची. "तुम्ही आहात तर मी निर्धास्त!" असं भाऊजी म्हणाले होते. हे वाक्य लक्षात ठेवू नका, मला त्याचा त्रास होतो.

प्रवासात भाऊजींनी मुलांचे गळे जपले. ओरडू नका, हसू नका, खिडकीतून हाका मारू नका! हे सगळं सांगायला त्यांना स्वतःला ओरडावं लागलं. दोन दिवस अखंड. स्पर्धेच्या दिवशी सकाळी एकतीस गळे काचेसारखे स्वच्छ होते आणि भाऊजींच्या गळ्यातून पंक्चर सायकलीसारखी नुसती हवा येत होती.

"गरम पाण्याच्या गुळण्या करा," मी म्हटलं.

"फ्स्स," भाऊजी म्हणाले.

"बरं, मग बोलू नका. हातांनी सांगा."

ही सूचना माझी. वहीत तशी नोंद आहे.

वसतिगृहाच्या भोजनगृहात आम्ही न्याहारीला बसलो. वाढणारा माणूस अंडी घेऊन आला. भाऊजींनी हात वर करून अंगठा आणि बोट जुळवून खूण केली, थोडंसंच वाढा. त्याबरोबर एकतीस मुलांनी चमचे खाली ठेवले आणि बारीक आवाजात सुरुवात केली, "हूऽऽऽ..."

त्यांचं गाणं वाऱ्याचं होतं. वारा आधी फटीतून येतो, मग दार ढकलतो, मग घरभर धिंगाणा घालतो. वाढणारा जागच्या जागी थिजला. भाऊजी घाबरून उठले आणि दोन्ही हात पसरून त्याला सांगू लागले, नाही हो, तुमच्यासाठी नाही! हात पसरले म्हणजे काय, ते मुलांना पाठ होतं. वाऱ्याने दार धाडकन उघडलं! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आतून आचारी धावत आला, डोळे पुसू लागला आणि त्याने भाऊजींच्या ताटात आठ अंडी ठेवली. शेवटी भाऊजींनी मूठ मिटली. शांतता.

"आजपासून हात खिशात," मी फर्मान काढलं.

पण बसला हात करावाच लागतो. बस थांबली, गाणं सुरू झालं. चालकाने इंजिन बंद करून सगळं ऐकलं आणि त्या मार्गावरच्या पुढच्या सगळ्या गाड्या त्या दिवशी नऊ मिनिटं उशिरा धावल्या.

सभागृहाच्या पडद्यामागे पोचल्यावर मी अक्कल चालवली. एकतीस पाण्याच्या बाटल्यांची पिशवी मी भाऊजींच्या दोन्ही हातांत दिली. "ही सोडायची नाही. थेट रंगमंचावर जाताना माझ्याकडे द्यायची." हातच अडकले तर खुणा कशा करतील! माझं मलाच कौतुक वाटलं.

आमच्या आधीचा वृंद रंगमंचावर गात होता. त्यांच्या संचालिका पांढरा लांब कोट घातलेल्या, उंच, गंभीर बाई. त्यांचं अंगाईगीत चाललं होतं, आणि ते इतकं हळू की मुंगीने पाय आपटला असता तर तिला बाहेर काढलं असतं. प्रेक्षक श्वास रोखून बसलेले, तिन्ही परीक्षकांचे डोळे मिटलेले. आम्ही पडद्याच्या कडेला अंधारात रांगेत उभे.

तास भरला होता. मी डोकी मोजली. तीस.

पुन्हा मोजली. तीस!

"भाऊजी," मी कुजबुजले, "एक कमी आहे!"

पिशवी पडली. बाटल्यांचा खडखडाट झाला. भाऊजींचे दोन्ही हात आकाशात गेले. कोण? कुठे? शोधा! अहो, घशात आवाज नसलेला माणूस दुसरं करणार तरी काय? आणि तीस मुलांनी छाती भरून श्वास घेतला.

वारा फटीतूनबिटीतून आलाच नाही, थेट छप्पर घेऊन गेला!

मी जिवाच्या आकांताने झेप घेतली आणि भाऊजींचे दोन्ही तळहात घट्ट धरले. खाली ओढले, त्यांना लोंबकळले म्हणा हवं तर. हातच नाहीसे केले की गाणं बंद पडेल, हा माझा हिशोब. भाऊजी डोळे वटारून "फ्स्स! फ्स्स!" करत होते. मी म्हटलं, "शांत व्हा, मी धरलंय!" तो बिचारा माणूस मूठ मिटू पाहत होता, आणि त्याची दहाच्या दहा बोटं मी उघडी धरून ठेवली होती!

त्यात रंगमंचाच्या पलीकडच्या बाजूने आणखी एक आवाज आला. एकटाच, पण आगीच्या बंबासारखा. ती आमची एकतिसावी, जिला सगळे भोंगा म्हणतात. वय वर्षं नऊ, उंची चार फूट, आवाज दोन मजली. समोरच्या अंधारातून तिला भाऊजींचे वर गेलेले हात दिसले आणि ती आपलं कर्तव्य बजावत होती. आणि तेव्हा मला आठवलं, तिला स्वेटर ठेवायला पलीकडे मीच पाठवलं होतं. वहीत लिहायचं तेवढं राहिलं होतं.

शेवटी माझी पकड ढिली पडली. भाऊजींनी मूठ मिटली. वारा थांबला. नेमक्या त्याच क्षणी अंगाईचा शेवटचा सूर विरला.

मग माणसं उभी राहिली! टाळ्या, शिट्ट्या! प्रमुख परीक्षक, पांढऱ्या भुवयांचे एक वृद्ध गृहस्थ, रुमालाने डोळे टिपत होते. मला काही कळेना. आमच्या दिमतीला एक दुभाषी मुलगी होती. ती आपली भाषा पाठ्यपुस्तकातून शिकली होती. तिने सांगितलं, "महोदया, परीक्षकवर्ग भारावून गेला आहे. आत निजलेले बालक आणि बाहेर दोन्ही दिशांनी घोंघावणारा वारा! अशी कल्पना आजवर कुणी केली नव्हती, असे त्यांचे मत आहे."

पांढऱ्या कोटाच्या बाईंनी आधी डाव्या पडद्याकडे पाहिलं, मग उजव्या. बाई हुशार! एकही शब्द न बोलता कमरेतून वाकून त्यांनी टाळ्या स्वीकारल्या.

मग आमचं नाव पुकारलं गेलं.

मुलं काय गायली म्हणून सांगू! आठ महिन्यांत इतकं सुरेख कधी गायली नव्हती. भोंगासुद्धा रांगेत होती, मी दोनदा मोजलं. पण पहिल्याच "हूऽऽऽ"ला परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं, दुसऱ्या कडव्याला पेन्सिली खाली ठेवल्या, आणि गाणं संपल्यावर टाळ्या कशा वाजल्या, तर छत्रीवर चार थेंब पडावेत तशा.

"महोदया," दुभाषी अवघडून म्हणाली, "परीक्षकवर्ग संतप्त आहे. मागील वृंदाचा वारा आपण चोरला, असे ते म्हणतात."

"चोरला? अगं, तो वारा आमचाच होता!"

"तसे सर्वच चोर म्हणतात, असेही ते म्हणतात."

नोकरी चालली, खोली चालली! भाऊजींचा चेहरा मातीसारखा झाला. "चला," मी म्हटलं, "समोरासमोर सांगू." मुलांना मी परीक्षकांच्या टेबलामागे भिंतीशी रांगेत उभं केलं, मोजायला सोपं पडावं म्हणून. भाऊजी टेबलापुढे उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी कळवळून दोन्ही हात पसरले: साहेब, आमचं ऐका हो!

परीक्षकांच्या पाठीमागून एकतीस तोंडं उघडली.

पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ खुर्चीतून टुणकन उडाले. "पुन्हा तेच चोरीचे गाणे!" दुभाषी ओरडली. तिचंही आता ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "ते म्हणतात, ताबडतोब थांबवा!"

भाऊजींनी थांबवलं. हात पुढे नेला आणि मुलांना दिसेल अशी, मुख्य परीक्षकांच्या डोक्याच्या दिशेने, सगळी शक्ती एकवटून मूठ मिटली.

गाणं थांबलं. सभागृहही थांबलं. मूठ गृहस्थांच्या नाकापासून चार बोटांवर होती.

"महोदया," दुभाषी अगदी हळू म्हणाली, "ते विचारत आहेत की ही मूठ त्यांच्या नाकासाठी आहे काय?"

आम्हाला स्पर्धेतून काढून टाकलं. पहिला चषक पांढऱ्या कोटाच्या बाईंना मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुद्दाम वसतिगृहावर आल्या, भाऊजींना कडकडून भेटल्या आणि दुभाषीमार्फत त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीही पडद्यामागे उभे राहाल का?" भाऊजींनी नुसती मान आडवी हलवली. त्यांचे हात खिशात होते.

परत आल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर महोत्सवाचं पत्र होतं.

"यात लिहिलंय, संचालकांनी परीक्षकांवर मूठ उगारली. आणि त्याआधी एक स्थूल महिला त्यांच्या हातांना लोंबकळत होती."

"स्थूल?" मी म्हटलं.

"म्हणजे बाकीचं खरं?"

भाऊजींचा आवाज एव्हाना परत आला होता. त्यांनी अंड्यांपासून सगळं सांगितलं. पण काही गोष्टी खऱ्या असल्या तरी सांगण्यासारख्या नसतात. बाई ऐकत गेल्या आणि त्यांच्या भुवया चढत गेल्या. गाद्या त्याच दुपारी हलल्या आणि पियानोसकट सगळी खोली व्यापून बसल्या. भाऊजी पुन्हा हंगामी. हंगाम दहावा.

त्या रात्री जेवताना भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "दादा, मुलांना आता सरावाला जागाच..." आणि थांबले. पहिल्यांदाच ह्यांनी मधे तोंड घातलं नव्हतं, तर भाऊजींनाच वाक्य पूर्ण करवेना. मी चटकन म्हटलं, "आपली बाहेरची खोली आहे की!"

हे बघतच राहिले. सासूबाई म्हणाल्या, "किती मोठं मन गं तुझं!" मोठं मन कसलं! भोंगाला पलीकडे कुणी पाठवलं, ते त्या घरात मला एकटीला माहीत होतं. अजूनही आहे, आणि आता तुम्हाला. बोलू नका.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. चषक बाईंचा. खोली गाद्यांची. आठ अंडी भाऊजींची. ह्यांनी कानात घालायला कापूस आणलाय, म्हणजे ह्यांचंही फारसं गेलेलं नाही. आणि दंड भरला कुणी? रोज संध्याकाळी पाच ते सात आमच्या बाहेरच्या खोलीत एकतीस मुलं उभी असतात, आणि आता त्यांना कुणाचेही हात चालतात. परवा मी सहज केस सावरायला हात वर नेला, तर वरच्या मजल्यावरचे आजोबा वादळ आलं म्हणून खिडक्या लावायला धावले! तेव्हापासून पाच ते सात मी कोपऱ्यात हातांवर बसून असते. आत्ताच एक डास कपाळावर येऊन बसलाय. चांगला टपोरा आहे. पितोय पोटभर.

पिऊ दे.