कंसातलं वजा दोन

उदयसिंहचं म्हणणं असं, की कोल्हापुरात आजवर लग्नं नुसती उरकली. खरं लग्न दिसणार ते आता. गडमुडशिंगीच्या सयाजीरावांनी क्रांतीच्या, म्हणजे आपल्या लेकीच्या, लग्नाचं डेकोरेशन त्याला दिलं होतं आणि त्यासाठी त्यानं फुलांची तोफ बनवली होती. तोफ स्टेजच्या डाव्या कडेला लपवायची. तिच्यातून पाकळ्यांचा पुडा कमान करत वर जाणार, अगदी टोकाला पोचला की उघडणार, आणि खाली नवरानवरीवर सडा! "मामा, पावणं फोटो काढायचं इसरतील," त्यानं सयाजीरावांना सांगून टाकलं.

पण टोक नेमकं कुठं येतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

बायको स्नेहल कॉलेजात गणित शिकवायची. तिनं अंगणात चाचणी घेतली. स्टेजचा मध्य म्हणजे शून्य, उजवीकडं अधिक, डावीकडं वजा, असं धरून पुड्याच्या उंचीचं सूत्र काढलं: −०.१x² + ०.४x + ४.६. उदयसिंहला ते भेळेसारखं वाटलं. सगळं आहे, पण काय कुठं आहे ते कळत नाही. मग रात्री जेवताना तिनं पूर्ण वर्ग करून तेच पुन्हा मांडलं: −०.१(x − २)² + ५.

"वर्ग कधी शून्याखाली जात नाही," ती म्हणाली, "आणि पुढं वजा आहे, म्हणजे तो पाचातून कापतच राहणार. कंस शून्य झाला की कापणं थांबतं. तेच टोक. पाच मीटर."

उदयसिंहचा घास हातातच राहिला. त्याच भेळेतून हिनं शिखर उचलून ताटात ठेवलं होतं.

लग्नादिवशी स्नेहल बायकांत अडकली. सूत्र उदयसिंहला पाठ होतं. एक्स वजा दोन. वजा म्हणजे डावीकडं, त्यात विचार कसला करायचा? मांडववाल्यांनी नवरानवरीचा सोफा उजवीकडं ठेवला होता, स्नेहलताईंनी फोनवर सांगितलं म्हणून. बायकोची गडबड झाली असणार, असं म्हणून तो मोठ्या मनानं हसला. त्यानं मध्यापासून डावीकडं दोन मीटरवर खडूनं फुली मारली आणि नवरानवरीला तिथं उभं केलं. फोटोग्राफरचे दिवे हलले, व्हिडिओवाल्याची क्रेन वळली, गुरुजींना पाटासकट सरकावं लागलं. सोफा तिकडं कसा, असं सयाजीरावांनी विचारलं.

"मामा, गणित हाय ते," उदयसिंह म्हणाला.

रिकामा सोफा बघून क्रांतीची आत्या चिमणाबाई हळूच येऊन टेकली. पहाटेपासून हळदीकुंकू देऊन तिचे गुडघे भरून आले होते. क्रांतीला आईमागं तिनंच वाढवलेलं.

तेवढ्यात स्नेहल मांडवात आली. खडूची फुली तिला भलत्याच बाजूला दिसली. बँडच्या दणक्यात हाक ऐकू जाईना, म्हणून तिनं हात उजवीकडं करून दोन बोटं दाखवली. उदयसिंहला ती विजयाची खूण वाटली. त्यानं खटका ओढला.

पुडा सुटला. नवरानवरीच्या डोक्यावरून तो शांतपणे पुढं गेला, वर चढला, क्षणभर हवेत थबकला आणि उघडला. शेवंती, गुलाब, अबोली संथ गिरक्या घेत उतरू लागली, सरळ चिमणाबाईवर. बँड आपोआप थांबला. आत्यानं डोळे मिटून दोन्ही हात पसरले होते. अख्ख्या मांडवात मोबाईल उचलायचं कुणाला सुचलं नाही. क्रांती जाऊन आत्याच्या पाया पडली. सयाजीराव उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "आक्काचा मान पयला. लई बेस सुचलं तुला, उदयसिंह."

उदयसिंह वर, रिकाम्या हवेकडंच बघत होता. तो एवढा चुकला, तरी गणित तसूभर हललं नव्हतं.

"कंस शून्य कधी होतो?" शेजारी येऊन स्नेहलनं विचारलं.

त्यानं बराच वेळ मनात वजाबाकी केली. "एक्स दोन असल्यावर," तो हळूच म्हणाला. "अधिक दोन."

तोवर पावण्यांचा गलका सुरू झाला, की आता नवरानवरीवर सोडा. तोफ तर रिकामी. काय सांगावं, या विचारात तो असताना चिमणाबाईनं डोळे उघडले. वर बघितलं, मग स्टेजभर पसरलेल्या पाकळ्यांकडं बघितलं.

"लई छान झालं," ती म्हणाली. "आता हे झाडायचं कुणी?"

सगळा मांडव उदयसिंहकडं बघू लागला.