पाच वर्षे आणि एक दिवस

नोकरीच्या शेवटच्या दिवशी धाकटी आर्किटेक्ट अनुभवाचा दाखला मागायला मोठ्या साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. साहेबांना ऑफिसात पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत. भिंतीचा सरळपणा तपासायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतो, ते निदान वाऱ्याने तरी हलते. साहेब हलत नसत.

परदेशातली नोकरी तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवलेली होती. व्हिसाचे मार्ग दोन. पहिल्यात नव्या कंपनीने हमी द्यायची; त्या बाबतीत कंपनीने कानावर हात ठेवले होते. दुसरा स्वतःच्या अनुभवावर, आणि त्याची अट एकच: पाच वर्षांहून अधिक.

साहेबांनी हजेरीपट काढला, पट्टी लावून एकेक ओळ खाली उतरले आणि म्हणाले, “चार वर्षं, अकरा महिने, सत्तावीस दिवस.”

“पाचच्या वर लिहा ना, सर. कोण मोजतंय?”

“मी मोजतोय. भिंत दोन सेंटिमीटर कमी भरली, तर नकाशावर ‘साधारण भिंत’ लिहू का?”

तोडही त्यांनीच काढली. तिने राजीनामा मागे घ्यावा आणि उरलेले दिवस भरावेत. मात्र मागे घेणेही लेखी हवे. तो अर्ज त्यांनी दोनदा परत केला, एकदा समास कमी सोडला म्हणून आणि एकदा जास्त सोडला म्हणून. रिकामे बसू नये यासाठी तिला एका दवाखान्याचा जिना देण्यात आला. त्याची शेवटची पायरी काही केल्या इतर पायऱ्यांएवढी होत नव्हती, आणि तिच्यापायी आजवर दोन आर्किटेक्ट नोकरी सोडून गेले होते. हिने ती चौथ्या दिवशी बसवली.

दाखला मिळाला: ‘पाच वर्षे, एक दिवस.’ व्हिसा कचेरीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांच्यापुढच्या गठ्ठ्यात ‘सहा वर्षे’, ‘दहा वर्षे’ असे गुळगुळीत दाखले रचलेले होते.

“हा एक खरा दिसतोय,” बाई म्हणाल्या. आठवड्यात व्हिसा हातात पडला. महिना संपायला दहा दिवस होते.

ती निरोप घ्यायला आत गेली. साहेबांनी जिन्याच्या नकाशावरून मान वर केली नाही.

“निघणार कशी? राजीनामा तू मागे घेतलास. आता नवा दे. त्यानंतर तीस दिवस नोटीस.”

कोपऱ्यात ड्राफ्ट्समनकाकांचा खोडरबर थांबला. पायरी बसवणारे माणूस साहेब सहज सोडायचे नाहीत, हे त्यांनी तिला कालच सांगितले होते.

तिने टेबलावरचा हजेरीपट स्वतःकडे ओढला, साहेबांचीच पट्टी उचलली आणि एकेक ओळ खाली उतरली. पाच वर्षांत तिला रजा म्हणून मिळाली नव्हती; प्रत्येक अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता.

“माझी शिल्लक रजा एकतीस दिवस, सर.”

“बरं, मग?”

“नोटीस तीस. रजेवर जाते. वरचा एक दिवस तुम्हाला सोडला.”

साहेबांनी पट्टी परत घेतली. वरून खाली मोजले, खालून वर मोजले. मग चष्मा पुसला.

“साधारण बरोबर आहे,” ते म्हणाले.