हद्दीबाहेरची हजेरी

मुख्याध्यापिका जेसिंता बाईंनी फोन ठेवला तेव्हा बाबली शिपाई शिडीवर चढून शाळेची घंटा उतरवत होता. दुसऱ्या दिवसापासून आडखोलची गावपळण होती आणि देवाचा नियम असा, की जिवंत म्हणून काही गावात मागं ठेवायचं नाही. घंटा जिवंत नसते हे बाबलीला माहीत होतं, पण वीस वर्षं तीच वाजवल्यामुळे त्याची तेवढी खात्री उरली नव्हती.

"बाबली, परवा पटपडताळणी," बाई म्हणाल्या.

"खंय?"

"हंय. आमच्या शाळेत."

बाबली घंटेसकट शिडीवरच बसला.

आडखोलला दर चार-पाच वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री वेशीबाहेर पडतात आणि तीन दिवस, तीन रात्री झावळांच्या झोपड्यांत राहतात. मागं गावात असतो तो फक्त देव, आणि गावाची राखण करणारा त्याचा देवचार. तेवढे दिवस गाव त्यांचा. कोणी हद्दीत पाय टाकला तर पळण बाटली, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. हिंदू असो की ख्रिस्ती, यातून कुणाची सुटका नाही. जेसिंता बाईंच्या सासूबाई तर सर्वांच्या आधी सामान बांधून बसतात, कारण या तीन दिवसांत कुणी त्यांना स्वयंपाकाचं विचारत नाही.

बाईंनी फोनवर हे सगळं समजावून सांगितलं होतं. पलीकडून शिक्षण खात्याचं उत्तर आलं, "मॅडम, पडताळणी सगळ्या जिल्ह्यात एकाच दिवशी आहे. पाहिजे तर तुमच्या देवाकडे तारीख बदलून मागा. मुलं शाळेच्या आवारात दिसली पाहिजेत, ॲपवर फोटो चढला पाहिजे. वीसच्या खाली एक जरी आला तरी पुढच्या जूनपासून नववी-दहावी बंद."

आडखोलच्या या सरकारी हायस्कुलाचा निकाल सहा वर्षं शंभर टक्के होता आणि पट बरोबर वीस. निकालात शाळा जिल्ह्यात डोक्याला, पटात शेपटाला. त्या विसातही विसावी होती संचिता, आणि संचिताच्या बापानं, म्हणजे परशुराम गावकरानं, तिच्या दाखल्याचा अर्ज देऊन पंधरा दिवस झाले होते. त्याला मुलीला कुडाळच्या मोठ्या शाळेत घालायचं होतं. तिथं टाय होता आणि दारात पिवळी बस येत होती. बाईंनी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला होता. परशुराम विचारायला आला की शिक्क्याची शाई वाळलेली असायची. वाळलेली शाई इतके दिवस पुरवणं हेही एक कौशल्यच आहे.

आणि गंमत बघा, गावपळणीचा मुख्य मानकरीही परशुराम गावकरच. हद्द कुठली, कोण आत, कोण बाहेर, हे सगळं त्याच्या शब्दावर.

पळणीच्या पहिल्या दिवशी दुपारी, झोपडीबाहेर पेज पीत बसलेल्या परशुरामापुढं बाई उभ्या राहिल्या.

"गावकरांनु, पोरांका एकच तास शाळेत जावक देया. फोटो काढतले आणि भायर येतले."

"बाई, एक तास काय नि एक पाय काय! माझो कोंबोसुद्धा टोपलीखाली घालून आणलंय मी."

"मगे देवाकच विचारूया. कौल लावा."

"लावतंय की. पण देऊळ खंय आसा?"

"गावात."

"मगे विचारूक जावचा तर आत जावक व्हया. आणि आत जावचा तर विचारूक व्हया."

जमलेली माणसं या पेचाकडे बघतच राहिली. सरकारनं आणि देवानं मिळून इतकं पक्कं कुलूप आजवर कधी लावलं नव्हतं. कुणीतरी कौतुकानं मानसुद्धा हलवली.

तेव्हा बाबली मागून हळूच म्हणाला, "बाईनु, पण आपली मुतारी?"

"मेल्या, हंय शाळा बंद पडता आणि तुका मुतारी सुचता?"

"तसा नाय. मुतारी व्हाळाच्या पल्याड आसा."

खरंच होतं ते. शाळेखालचा सगळा कातळ. तिथं खड्डा खणता खणता सरकारची पहार वाकली, म्हणून शाळेची स्वच्छतागृहं ओहोळापलीकडच्या जमिनीत बांधली होती. जमीन शेजारच्या गावातल्या एका भल्या माणसानं शाळेला दिली होती. पोरं साकवावरून ये-जा करायची. कागदावर ते शाळेचं आवार होतं. पण आडखोलची हद्द ओहोळाला संपत होती.

परशुराम पेज ठेवून उठला. स्वतः जाऊन त्यानं ओहोळ पाहिला, साकव पाहिला, दोन्ही दारं पाहिली. एकावर लिहिलं होतं 'मुलगे', दुसऱ्यावर 'मुली'. मग त्यानं निवाडा दिला.

"मुतारी देवाच्या हद्दीत नाय. सरकारच्या हद्दीत आसा. भरवा शाळा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तो तिथं पुरता टेकायच्या आत परशुराम पुढं म्हणाला, "पण संचिता बसाची नाय. माझो अर्ज गेलेलो आसा. खोटी हजेरी मी देवाच्या दिसांत लावचंय नाय."

म्हणजे एकोणीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हायस्कूल मुतारीपुढं भरलं. फळा शाळेत अडकला होता, म्हणून बाईंनी 'मुली' लिहिलेल्या हिरव्या दारावर खडूनं तारीख घातली. घंटा बाबलीनं फणसाला टांगली होती. ती वाजली आणि एकोणीस मुलं ओळीनं बसली. त्यांच्या मागं सगळा गाव येऊन बसला. घरी टीव्ही नाही, शेतावर जायचं नाही, करणार काय? या गावातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी शाळेचा वर्ग चालताना कधी पाहिलाच नव्हता. बाईंनी समरूप त्रिकोण काढायला घेतले तसे म्हातारेसुद्धा तोंडातलं पान चघळायचं विसरले.

संचिता आजीच्या, काशीबाईच्या मांडीशी बसून लांबूनच दाराकडे बघत होती आणि बोटानं मातीत त्रिकोण काढत होती.

इकडे पडताळणीचे अधिकारी पाटोळे साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते. साहेब बीडकडचे. बदली होऊन दोनच महिने झालेले. वेशीवर त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी उभी केली.

"साहेबानु, मी हंयच ऱ्हवतंय. आज आत जायत नाय कोण."

"का? संप आहे का?"

"देवाचा आसा."

देवाचा संप साहेबांना समजला नाही. उन्हासाठी त्यांनी पांढरा रुमाल डोक्याला गुंडाळला, मिटलेली छत्री काठीसारखी हातात घेतली आणि ते एकटेच आत चालत गेले. दारं नुसती लोटलेली. कुलूप एकाही घराला नाही. अंगणात तुळस आहे, दोरीवर टॉवेल आहे, माणूस नाही. कुत्रं भुंकत नाही, कोंबडं आरवत नाही. शंभर घरांच्या गावात साहेबांना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. एवढी शांतता त्यांनी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. नकळत ते पाय हळू टाकू लागले.

शाळेचं दारही लोटलेलंच होतं. साहेब दहावीच्या वर्गात गेले, शेवटच्या बाकावर बसले आणि खिशातून पेन काढून हजर विद्यार्थ्यांच्या रकान्यात शून्य लिहायला वाकले. त्या बाकाचा डावा पाय गेली दोन वर्षं मोडका होता. मुलं त्याला दगड लावून बसत. साहेबांना दगडाची माहिती नव्हती.

धाडकन आवाज झाला.

ओहोळापलीकडे सगळ्यांनी माना वर केल्या. शाळेच्या उघड्या खिडकीत एक आकृती उभी राहत होती. पांढरे कपडे, डोक्याला पांढरं गुंडाळलेलं, हातात काठी. आकृतीनं कंबर धरली आणि सावकाश मान फिरवून सगळा वर्ग न्याहाळला.

"देवचार!" काशीबाई पुटपुटली. "गो बाय माझे, देवचार शाळेत इलो!"

चारशे माणसं एकदम उभी राहिली. परशुरामाचे हात आपोआप जोडले गेले. त्याच्या बापानं, आजानं पळणी केल्या होत्या, पण राखणदाराला डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. आणि आज मोकळ्या गावात, सगळी घरं सोडून, तो गेला कुठं? शाळेत! परशुरामानं तिथूनच गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां तुझ्या शब्दान हद्दीभायर इली आसत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चारशे गळे गरजले.

"आज तू स्वतः येवन शाळेत बसलंस, तशी तुझी नदर ह्या पोरांवर ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

रिकाम्या गावात, झाडांच्या मागून, एकही माणूस दिसत नसताना आलेला हा गजर पाटोळे साहेबांनी ऐकला. त्यांनी छत्री, पेन, कागद जे हाताला लागलं ते घेतलं आणि मागच्या दारानं जे सुटले ते थेट गाडीत येऊन पडले.

"आत गेल्लास?" ड्रायव्हरनं डोळे मोठे केले. "मगे आता परत पयल्या दिसापासून! चारशे माणसां आणखी तीन दिस भायर!"

साहेबांनी घाम पुसला. "मी कुठं गेलो? मी गाडीतच होतो. शाळा पलीकडच्या बाजूनं आहे ना? घे तिकडून."

इकडे खिडकी रिकामी झाली तरी परशुराम तिकडेच बघत होता. मग तो वळला. "संचिता," तो म्हणाला, "जा गो. बस जा. देव बसलो शाळेत, आणि आपण उठान जावचा?"

संचिता उठून पळाली. बाईंनी मोजले. वीस. त्यांनी गळ्यातल्या कुरुसाला हात लावला आणि कुणाचे आभार मानायचे ते न ठरवता नुसते मानले.

वीस मिनिटांनी पलीकडच्या रस्त्यानं साहेबांची गाडी आली. साहेब किंचित लंगडत उतरले. समोर मुतारीपुढं वीस मुलं, त्यांच्या मागं अख्खा गाव, दारावर भूमिती. साहेबांनी ॲप उघडलं. 'आपण शाळेच्या आवारात आहात,' असं हिरव्या अक्षरांत उमटलं. फोटो चढला.

"पट ठीक," साहेब म्हणाले. "आता गुणवत्ता बघू. तू, शेवटची. हा माड किती उंच आहे? न चढता सांगायचं."

शेवटची म्हणजे संचिता. तिनं मुतारीशेजारच्या माडाकडे पाहिलं, साहेबांच्या पिशवीतली गुंडाळीची लांब मोजपट्टी मागून घेतली आणि मीटरभर काठी मोडून उभी धरली. काठीची सावली सव्वा मीटर. मग ती माडाच्या बुंध्यापासून सावलीच्या शेंड्यापर्यंत मोजत गेली. गाव सावलीवरून बाजूला सरकला. पंधरा मीटर. तिनं दारावर तीन ओळी लिहिल्या आणि वळून म्हणाली, "बारा मीटर, सर."

"खरा कशावरना?" परशुरामाच्या तोंडून निघून गेलं.

बाबली मोजपट्टी दातांत धरून सरसर वर चढला, शेंड्याशी पोचला आणि टोक खाली सोडलं. खाली पाटोळे साहेबांनी आकडा वाचला. "बारा मीटर आणि चार बोटं."

"चार बोटां वाऱ्याक," वरून बाबली ओरडला.

परशुराम माडाकडे बघत होता आणि मुलीकडे बघत होता. त्याच्या बागेत दोनशे माड होते. लहानपणापासून तो त्यांच्यावर चढला होता, दोनदा पडला होता, आणि त्यातल्या एकाचीही उंची त्याला सांगता आली नसती. ही पोर जमिनीवर उभी राहिली आणि सावलीला विचारून आली.

"आये," तो काशीबाईला म्हणाला, "न चढता मोजलान गो." आणि त्यानं डोळे पुसले, सगळ्या गावासमोर.

काशीबाई म्हणाली, "मगे? ह्या शाळेत देवचार शिकाक येता, तुका काय वाटला?"

चौथ्या दिवशी पळण संपली आणि गाव परतला. दहावीच्या वर्गात शेवटचा बाक मोडून पडलेला होता. परशुरामानं पायातलं काढलं, बाक भिंतीला टेकवला, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ ठेवला. मग तो बाईंच्या टेबलाशी आला.

"बाईनु, माझो अर्ज?"

"शाई वाळलेली आसा हो अजून."

"ऱ्हवांदे वाळलेली," तो म्हणाला. "कुडाळात माझ्या बहिणीचे दोघे झील आसत. जूनात हंय घातलंय तर चलात मां?"

ही बातमी पंचक्रोशीत पसरायला गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या पिंगुळीच्या बाहुल्यांचीही गरज पडली नाही. ज्या शाळेत देवचार स्वतः येऊन बसतो आणि पोरं न चढता माड मोजतात, त्या शाळेत जूनमध्ये नववी-दहावीचा पट सदतीस झाला. पार लांबच्या जामसंड्याहून एक जण मामाकडे राहून शिकायला आला.

पट अचानक वाढला की सरकारला वेगळी शंका येते. ऑगस्टमध्ये पाटोळे साहेब पुन्हा पडताळणीला आले. सदतीसच्या सदतीस मोजून झाल्यावर त्यांचं लक्ष वर्गाच्या कोपऱ्यात गेलं. भिंतीला टेकवलेला मोडका बाक, त्याच्यावर ताजी जास्वंद, पुढं समई.

"हे काय आहे, मॅडम?"

"पळणीच्या दिवशी राखणदार येऊन बसले होते, सर. तेव्हापासून गाव मानतो."

साहेबांनी बाक ओळखला. कमरेनंही ओळखला असावा, कारण त्यांचा हात तिकडे गेला. बाहेर अंगणात पावसाच्या उघडिपीतल्या उन्हात सदतीस मुलं माड मोजत होती, आणि त्यांचा गलका आत येत होता. मग साहेबांनी बूट काढले, बाकापुढं उभे राहिले आणि मनापासून हात जोडले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "खरंच कोणी बसलं होतं का हो?"

जेसिंता बाईंनी टेबलाचा खण उघडून साहेबांचा डिसेंबरमधल्या पळणीच्या वेळचा अहवाल काढला. मुतारीपुढं उभं राहून लिहिलेल्या त्या अहवालात शेवटची ओळ अशी होती: 'दहावीच्या वर्गातील शेवटचा बाक मोडका आहे, त्वरित दुरुस्त करावा.' बाईंनी ती ओळ एकदा वाचली, अहवालाची घडी घातली आणि खण बंद केला.

"मला कसं माहीत असणार, सर?" त्या म्हणाल्या. "आपण दोघंही तेव्हा हद्दीबाहेर होतो."