सबनीसकाकांचं एक्सडी कार्ड

आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत, माझ्या वरच्याच मजल्यावर राहणारे सबनीसकाका कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाला हात लावण्याआधी बाथरूममध्ये जाऊन लोखंडी नळ धरतात. अंगातली वीज उतरवायला. मग समोरच्याला विचारतात, "टेरिकॉट नाही ना घातलंत? एक ठिणगी, की संपलं सगळं!"

'संपलं सगळं' हे त्यांचं पालुपद. घरात तीन कॅमेरे, तीन जातींची कार्डं, आणि भरवसा एकावरही नाही. "सीएफ दणकट, पण कॅमेऱ्यातल्या पिना वाकवतं. एसडी सगळीकडे चालतं, पण नखाएवढं. केरात गेलं की संपलं सगळं! आणि एक्सडी? काढणाऱ्यांनीच बंद केलं. वाचणारं यंत्रसुद्धा मिळत नाही."

एक्सडी त्यांच्याकडे एकच होतं. जुन्या बाजारात मला ते वाचणारं यंत्र सापडलं, तेव्हा वाटलं, काका नाचतील. ते पांढरे पडले. "आज नको. व्होल्टेज कमीजास्त होतंय." दुसऱ्या दिवशी हवा दमट होती. पुढे हवा फार कोरडी झाली.

शेवटी एका रविवारी मीच लॅपटॉप आणि ते यंत्र घेऊन वर गेलो. काकांनी कार्ड घातलं. पडद्यावर प्रश्न आला: फॉरमॅट करायचं का? म्हणजे कार्डावरचं सगळं पुसून टाकायचं का.

"हात काढा!" काकांनी माझं मनगट गच्च धरलं. "बघितलंच नसतं, तर फोटो आहेत असं निदान म्हणता तरी आलं असतं हो."

मी कार्ड काढलं, मऊ फडक्यानं पुसलं, पुन्हा घातलं. फोटो उघडले. सगळे हललेले, तिरके. पंखा, टेबलाचा पाय, आणि खालून काढलेलं काकांचं पोट. पोट, पोट, पुन्हा पोट.

"सईनं काढलेत. पाच वर्षांची होती."

सई त्यांची मुलगी. राहते इथेच, कात्रजला. पण तिच्या लग्नावरून बिनसलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं नाही.

"तिला पाठवू?"

"नको. काहीच उत्तर आलं नाही तर?"

ते पुन्हा पहिल्या फोटोपासून सगळे बघत गेले. मग मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच पाठवा. मी बघणार नाही."

फोटो मोबाइलवर घेऊन पाठवले. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. काका भिंतीला टेकले. "तुम्ही बोला!" मी स्पीकर लावला.

"बाबा, तुमच्या पोटाचे एवढे फोटो कुणी काढले?"

काका भिंत सोडून मोबाइलजवळ वाकले.

"तूच गं," ते कसेबसे म्हणाले. "तुझा हात तेवढाच पोचायचा."