वीस वर्षं आणि सहा उत्तरं

"सर, वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने तुमचं हे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट घेऊन करायचं काय? त्याच्यावर पापड वाळत घालायचे?"

पालघरच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये उभं राहून हिमानीने विचारलं. शेवटच्या बाकावर किंजल आणि भाग्यश्री तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच! दहावीच्या मुलींसाठी मार्गदर्शन शिबिर होतं, त्यात उभं राहून हा प्रश्न विचारायचा. विचारला तर दोन प्लेट शेवपुरी. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना हिमानीचा आवाज घशातच बसायचा. पण वक्तृत्वात ती तालुक्यात दुसरी आली, आणि तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नावच घेईना!

क्लासचे कमलेश सर हसले. "प्रश्न छान आहे. कोण हे वीस वर्षंवाले?"

"माझे बाबा! बोईसरला दुकान आहे. ते नुसते शेजारी येऊन उभे राहिले तरी बिघडलेला कॉम्प्युटर घाबरून चालू होतो!"

"मग त्यांना रविवारी परीक्षेला बसव. चाळीस प्रश्न, एक तास. फी माफ."

"दहा मिनिटांत देऊन येतील!" हिमानी म्हणाली आणि टाळ्या घेऊन खाली बसली.

तिने जे सांगितलं नाही ते असं की बाबांना ते सर्टिफिकेट हवंच होतं. तारापूरच्या एका कारखान्यातले साठ कॉम्प्युटर धर्मेश, म्हणजे हिमानीचे बाबा, अकरा वर्षं सांभाळत होते. आता तिथे नवे साहेब आले होते. त्यांचं पत्र होतं, महिनाअखेरपर्यंत सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला. त्या कामावर दुकान चालायचं आणि दुकानावर कुंभवलीचं घर.

"मी परीक्षा देऊ? पोराटोरांच्या मांडीला मांडी लावून?" घरी धर्मेश उसळले. "माझी परीक्षा इथली खारी हवा रोज घेते!"

"साहेबाला अनुभव सांगायला गेला होतात ना? काय म्हणाला तो?" आईने, अर्चनाने, पोळी लाटता लाटता विचारलं.

धर्मेशांचा आवाज खाली आला. "म्हणाला, अनुभवाची झेरॉक्स आणा."

म्हणून रविवार ठरला. सरांनी दिलेलं अभ्यासाचं पुस्तक धर्मेशांनी दुकानातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. "यातलं सगळं मीच लोकांना शिकवलंय," म्हणाले. टेबल मात्र एकदम पास झालं! हिमानीने पुस्तक ओढून काढलं आणि रिक्षात बसून चाळलं. टेबल पुन्हा नापास.

रविवारी मायलेकी काचेपलीकडे उभ्या राहिल्या. आत सर सांगत होते, "कुणीही मशीन बंद करायचं नाही. बंद झालं की पेपर तिथल्या तिथे जमा!"

धर्मेशांना हे ऐकू गेलंच नाही. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या डॉक्टरला जसा शेजारच्याचा खोकलाच तेवढा ऐकू येतो, तसा त्यांना आपल्या कॉम्प्युटरचा घरघरणारा पंखा ऐकू येत होता.

सहाव्या प्रश्नाला त्यांनी हात वर केला. "सर, यात खोडरबर नाय!"

"काय नाही?"

"खोडरबर! स्क्रीन काळी झाली तर आधी काय कराल, असं विचारलंय. रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, परत बसवायची. आमच्याकडे दहातले नऊ कॉम्प्युटर यानेच उठतात!"

"अहो, चारांतला एक पर्याय निवडा."

"चारही चुकीचे हायत!"

शेवटी तोंड वाकडं करून त्यांनी एक निवडला. तेवढ्यात सरांना फोन आला, ते बाहेर गेले, आणि नेमका धर्मेशांचा कॉम्प्युटर अडकला. माऊस हलेना, प्रश्न सरकेना. दुसऱ्या कुणीही अशा वेळी हात वर केला असता. धर्मेशांचा हात खिशात गेला. इतर माणसं जिथे पेन लावतात, तिथे ते स्क्रू-ड्रायव्हर लावतात!

हिमानीने काचेवर थापा मारल्या. "आई, बाबा उघडतायत!"

"उघडू दे की. वाचतील तरी."

"पेपर नाही गं, मशीन!"

झाकण निघालं, रॅम हातात आली. "ताई, खोडरबर हाय का?" त्यांनी शेजारी विचारलं. शेजारी सफाळ्याची सपना होती. पेपर कॉम्प्युटरवर असूनही ती कंपासपेटी घेऊन आलेली, आणि त्यात दोन खोडरबरं!

"घ्या दादा."

दोन मिनिटांत मशीन असं सुरू झालं, जणू नुकतंच पुठ्ठ्यातून काढलंय. स्क्रीनवर अक्षरं आली: 'आपला पेपर जमा झाला. उत्तरे सहा. धन्यवाद.' पण धर्मेश स्क्रीनकडे बघतायत कुठे? ते डोळे मिटून पंखा ऐकत होते.

"दादा, माझापण लय हळू चालतो," सपना कुजबुजली. "जरा बघता?"

बघितला. मग पलीकडचा विपुल म्हणाला, "काका, माझा माऊस..." तोही बघितला. एव्हाना सरांची ताकीद सगळेच विसरले होते. मागून हाक आली, "अंकल, मेरा भी!" हिमानी दाराशी धावली, तर शिपाई म्हणाला, "परीक्षा चालू आहे, आवाज नको." परीक्षा कुठली चालू? आत तर ओपीडी भरली होती!

सर परतले तेव्हा मधल्या सुट्टीत डबे उघडावेत तशी सात मशीनं ओळीने उघडी होती.

"अहो, हे काय केलंत?"

"दुरुस्त केले!" धर्मेशांचा चेहरा नवरदेवासारखा उजळलेला. "उरलेले उद्या करतो."

"सात जणांचे पेपर गेले!"

सपनाचे डोळे भरले. "माझे तीस झाले होते हो, दादा."

धर्मेशांचं हसू मावळलं. स्क्रू-ड्रायव्हर ठेवायला त्यांना खिसा सापडेना. सरांनी धर्मेशांची उत्तरं स्क्रीनवर काढली. पहिलाच प्रश्न होता, 'मशीन उघडण्यापूर्वी सर्वप्रथम काय कराल?' बरोबर उत्तर: मालकाला विचारून त्याचे काम सेव्ह करू. धर्मेशांचं उत्तर, 'मशीन उघड' एवढंच वाचून दिलेलं: झाकणाचे स्क्रू सैल करू.

"चूक माझी हाय, ताई," ते सपनाला म्हणाले.

"मशीन मात्र मस्त चालतंय आता," सपना नाक ओढत म्हणाली. त्यामुळे त्यांना जास्तच लाजल्यासारखं झालं.

सरांनी कपाळ चोळलं. "सातही जणांची फेरपरीक्षा शनिवारी. त्या सातांत तुम्हीपण. फक्त खिसे दारात रिकामे करायचे."

शनिवार म्हणजे महिना संपायच्या आदला दिवस! रिक्षाने घरी जाताना कुंभवली आली तेव्हा धर्मेश हळूच म्हणाले, "कितीदा तरी लोकं म्हणायची, धर्मेशभाऊ, आमची फाईल गेली. मी म्हणायचो, कॉम्प्युटर तर चालू झाला ना!"

हिमानीला एकाएकी शेवपुरीचे ढेकर यायला लागले. पापड वाळत घालायचे म्हणे! घरात शिरल्या शिरल्या ती पंख्याखाली उभी राहिली, वक्तृत्वाला राहतात तशी.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शनिवारपर्यंत शाळेतून आले की दुकानात मी बसणार. बाबा आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसतील. रोज चाळीस प्रश्न. आणि शिकवणार मी!"

"तू?" धर्मेश बघतच राहिले. "अगं, तुला साधा कीबोर्ड पुसता येत नाय! तुला यातलं येतं काय?"

"काहीच येत नाही, बाबा," हिमानी मान ताठ करून म्हणाली. "म्हणून तर मी प्रश्न शेवटपर्यंत वाचते!"